चर्चमध्ये नवीन आहात? कुठल्या कामाला पाळक लागतात आणि कुठलं काम आपलंच असतं

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीमुळे सांगलीत आलो, इथल्या मंडळीत नाव घातलं आणि तिसऱ्या वर्षी वार्षिक सभेत कुणीतरी माझं नाव सुचवलं, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि मी पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा, सेक्रेटरी झालो. चहा प्यायला बाहेर गेलो होतो, आत आलो तर टाळ्या वाजत होत्या. लहानपणापासून चर्चला जात होतो पण पाळकांचं काम कुठं संपतं आणि आपलं कुठं सुरू होतं हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आईचं एकच ठरलेलं वाक्य, "पाळकांना विचार".

मग एक रविवार असा आला. प्रभुभोजनाचा रविवार होता, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा दिवस. पाळकसाहेब आदल्या रात्री लांबच्या गावी मयतीला गेलेले, सकाळी येताना गाडी बंद पडली आणि फोनला रेंज नाही. इकडे टेबल मांडून तयार, पांढरं कापड, त्याखाली भाकर आणि छोट्या पेल्यांचा ट्रे. आमच्याकडे द्राक्षरस विकतचा नसतो, महिला मंडळातल्या एक मावशी तासगावचा बेदाणा रात्री भिजत घालतात, सकाळी उकळून गाळून आणतात. त्याचा वास पहिल्या बाकापर्यंत येत होता. साडेनऊचे दहा वाजले आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच द्या की, दोन ओळी वाचायच्या तर आहेत." मी खरंच उठलो होतो. मागून एका रिटायर मास्तरांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, कोपर धरलं आणि हळू आवाजात बोलले, "गाणी घे, वचन वाच, प्रार्थना कर, दोन शब्द बोल. टेबलाला हात लावू नको."

त्या दिवशी उपासना झाली, प्रभुभोजन पुढच्या रविवारी झालं. मधल्या आठवड्यात मी आण्णांच्या घरी बसून सगळं विचारून घेतलं, नंतर पाळकांकडूनही समजून घेतलं. ते इथं टप्प्याटप्प्यानं लिहितोय.

१. आधी आपलं चर्च कुठल्या परंपरेतलं ते बघा

हे बोर्डवर लिहिलेलं असतं पण कोण वाचतंय. प्रोटेस्टंट म्हणजे एकच पद्धत असं नाही. आपल्या भागातली बरीच जुनी चर्चेस आज सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चेस एक होऊन सीएनआय झालं. त्याच्या आधीची गोष्ट आणखी मजेशीर आहे. साताऱ्याकडं काम केलं ते अमेरिकन मराठी मिशननं, ते काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीची सभा बसणार आणि सभाच ठरवणार. मिरज, सांगली, कोल्हापूरकडं प्रेसबिटेरियन मिशन, तिथं निवडलेले 'वडील' कारभार बघणार. हे दोन प्रवाह १९२४ मध्येच युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आले आणि तिथून पुढं सीएनआयमध्ये गेले. त्यामुळं साताऱ्याची म्हातारी माणसं म्हणायची "सभेत घ्या विषय" आणि इकडं सांगलीत म्हणतात "वडिलांना विचारा". मी आलो तेव्हा मला वाटायचं हे माझ्या वडिलांना कशाला विचारायला सांगतायत, ते तर साताऱ्याला.

बाकीच्यांची पद्धत वेगळी. मुक्तिफौजेत म्हणजे साल्व्हेशन आर्मीत पाळक नसतात, कॅप्टन, मेजर असे ऑफिसर असतात, बाई असो की बुवा पद तेच, आणि ते पाण्याचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी करतच नाहीत. ब्रदरनच्या सभेत दीक्षा दिलेला पाळक असा नसतोच, भाऊच भाकर मोडतात. स्वतंत्र पेंटेकॉस्टल चर्चमध्ये बहुतेक सगळं एका पास्टरवर चालतं. मी खाली जे सांगतोय ते मुख्यतः सीएनआयसारख्या चर्चचं आहे, तुमचं वेगळं असेल तर तुमच्याकडच्या जुन्या माणसाला विचारा.

२. कोण कोण असतं ते ओळखा

दीक्षा म्हणजे बिशप हात ठेवून सेवेला नेमतात ते. अशी दीक्षित सेवा तीन प्रकारची. डीकन, प्रेसबिटर आणि बिशप. आपण ज्यांना पाळक किंवा पाद्री म्हणतो ते प्रेसबिटर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वडील' असाच आहे, डीकनचा अर्थ सेवक, आणि बिशपचा अर्थ देखरेख करणारा, मराठी बायबलात तीमथ्याच्या पहिल्या पत्रात त्याला 'अध्यक्ष' म्हटलंय. डीकन आणि पाळक ओळखायचे तर गळ्यातला पट्टा बघा, तो खांद्यावरून तिरका घेतलेला असेल तर डीकन, दोन्ही बाजूंनी समोर सरळ सोडलेला असेल तर पाळक. लग्नाच्या फोटोत एवढं कळलं तरी पुष्कळ.

मग आपण सगळे, म्हणजे लेमन. मराठीत 'सामान्य विश्वासी' म्हणतात, मला तो शब्द फारसा आवडत नाही. सेक्रेटरी, खजिनदार, कमिटी मेंबर, शब्बाथ शाळेच्या टीचर, गाणाऱ्या मुली, तरुण संघ, महिला मंडळ, घंटा वाजवणारा माणूस हे सगळे यात आले.

इथं एक गैरसमज असतो तो काढून टाका. पाळक वरच्या पायरीवर आणि आपण खालच्या असं प्रोटेस्टंट शिकवण सांगत नाही. लूथरनं १५२० मध्ये याच गोष्टीवर लिहिलं होतं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, आणि त्याला आधार पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या 'राजकीय याजकगण' या शब्दांचा. फरक आहे तो नेमणुकीचा. जसं गावातल्या सगळ्यांना हिशोब येत असला तरी सोसायटीच्या चेकवर सही दोघांचीच चालते, तसं.

३. कुठल्या कामाला कोण, हे पाठ करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो म्हणून सावकाश सांगतो.

प्रभुभोजन: पाळकच. भाकर आणि पेला घेऊन जी प्रार्थना होते ती दीक्षित माणसानंच करायची. वाटायला मदत आपण करू शकतो, ट्रे धरणं, आजाऱ्याला बाकावर नेऊन देणं, पण पाळकांनी सांगितलं तर. रस करणं, भाकर आणणं, कापड धुऊन इस्त्री करणं हे आपलं. ज्या मावशी बेदाणा भिजवतात त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, पण त्या एकदा बहिणीकडं कराडला गेल्या तेव्हा आमची जी पळापळ झाली ती बघायला हवी होती.

बाप्तिस्मा: पाळकच. सीएनआयमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा पण मान्य आणि मोठेपणी कबुली देऊन घेतलेला पण मान्य, दोन्ही परंपरेची मंडळी एकत्र आली ना, म्हणून. अपवाद एकच, जीव जाण्याची वेळ असेल. हॉस्पिटलमध्ये मध्यरात्री बाळ सिरियस आहे आणि आईबापांची इच्छा आहे तर कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घेऊन पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देऊ शकतो, मग पाळकांना कळवून रजिस्टरला नोंद करायची. आमच्या भागात मिरजेला हॉस्पिटल कमी आहेत का, तर ही गोष्ट नर्सिंगला असलेल्या पोरींना माहीत असलीच पाहिजे.

दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वासाची कबुली देऊन मंडळीत पक्कं होणं: सहसा बिशप. म्हणून ते वर्षातून एखाद्या वेळी होतं आणि त्याच्या आधी क्लास असतात. क्लास चुकवून चालत नाही, "माझा मुलगा बारावीला आहे" हे कारण दर वर्षी दहा जण देतात.

आशीर्वाद: उपासनेच्या शेवटी हात वर करून आशीर्वाद देतात ते पाळक. आपण उपासना घेत असलो तर हात वर न करता 'आम्हा सर्वांबरोबर असो' अशी प्रार्थना म्हणायची. बारीकसा फरक आहे पण जुनी माणसं बरोबर पकडतात. माझ्या पहिल्याच वेळी मी दोन्ही हात वर केले होते, बाहेर पडताना एका आजींनी विचारलं, "दीक्षा कधी झाली रे बाबा?"

संदेश म्हणजे प्रवचन: दोघंही. फक्त पाळकांच्या परवानगीनं. पाहुणा आला आणि त्याला सरळ पुलपिटवर, म्हणजे संदेश द्यायच्या जागेवर, चढवला असं करू नका.

मयत: पाळक असतील तर पाळक, नसतील तर थांबून राहायची गरज नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. पुस्तकातून वचनं वाचायची, प्रार्थना करायची, माती द्यायची. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला हातात घेतल्याशिवाय खड्डा खणायला मात्र सांगू नका, आणि दफनभूमीच्या रजिस्टरला नोंद त्याच दिवशी करा, नंतर वारसाच्या कामाला लागते.

घरोघर प्रार्थना, वाढदिवस, नवीन घर, आजाऱ्याला भेट: हे आपलं काम आहे हो. पाळक आले तर आनंद. पण आमच्यासारख्या ठिकाणी एका पाळकाकडं शहरातलं चर्च आणि वर आजूबाजूची चार-पाच गावं असतात, गावातली उपासना संध्याकाळी, ऊसतोडीच्या दिवसात तर रात्री आठला लोक येतात. त्या माणसाला तुमच्या गाडीच्या पूजेला, सॉरी, गाडीच्या प्रार्थनेला बोलवायचं म्हणजे जरा विचार करा.

४. लग्न: इथं कायदा आहे, भावना चालत नाही

ख्रिस्ती लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागतो. सगळ्यात मोठा घोळ हा की लोकांना वाटतं कुठल्याही पास्टरनं लावलं की लग्न झालं. तसं नाही. बिशपच्या हातून दीक्षा झालेले पाळक त्यांच्या चर्चच्या नियमानं लग्न लावू शकतात. बाकीच्यांना म्हणजे स्वतंत्र चर्चच्या पास्टरना सरकारचं लायसन्स लागतं. लायसन्स आहे का हे विचारायला लाजू नका, साखरपुड्याच्या आधी विचारा. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न असंच झालं, पास्टर चांगला होता, संदेश सुंदर दिला, पण लायसन्स नव्हतं, आणि पुढं व्हिसाच्या वेळी सर्टिफिकेट चालेना. मग वकील, हेलपाटे आणि घरात सगळ्यांची तोंडं वाकडी.

दुसरं, वेळ. कायद्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही वेळ दिली आहे, बिशपची खास परवानगी वगैरे सोडली तर. हॉलवाले रात्री साडेसातचा मुहूर्त देतात आणि आपण पत्रिका छापून मोकळे होतो. आधी पाळक, मग हॉल, मग पत्रिका.

कागदपत्रं काढून ठेवा:

- दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले
- आपापल्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र, दुसऱ्या चर्चमधली व्यक्ती असेल तर त्यांच्या पाळकांचं नाहरकत पत्र
- वयाचा पुरावा, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला (मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण)
- आधार आणि फोटो
- आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा आदेश किंवा जोडीदाराचा मृत्यूचा दाखला
- दोन साक्षीदार, त्यांच्या ओळखपत्रांसह, आणि ते त्या दिवशी वेळेवर हजर असलेले

लग्नाची नोटीस आधी द्यावी लागते, आमच्याकडं तीन रविवार उपासनेत पुकार होतो. म्हणजे किमान महिनाभर आधी पाळकांना भेटा. नावाचं स्पेलिंग हा छुपा शत्रू आहे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला घरचं नाव, शाळेत दुसरं, आधारवर तिसरं. रजिस्टरमध्ये खाडाखोड करायला सेक्रेटरीला सांगू नका, मला सांगणारे येतात म्हणून लिहितोय, तो अधिकार मला नाही. नाव एकच आहे याचं अ‍ॅफिडेव्हिट करून घ्या. आणि चर्चमधलं लग्न झाल्यावर नगरपालिकेत किंवा महापालिकेत विवाह नोंदणी पण करून टाका, ते वेगळं सर्टिफिकेट बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडं चालतं.

५. तुम्हाला काहीतरी करायचंय, पण सुरुवात कुठून

पहिल्या महिन्यात काहीच करू नका. बसा, गाणी शिका. 'उपासना संगीत' हे गाण्यांचं पुस्तक स्वतःचं घ्या, मोबाईलवर शोधत बसलात की दुसरं कडवं निघून जातं. त्यानंतर पाळकांना किंवा सेक्रेटरीला सांगा की मला वचन वाचायचंय. वाचन दोन दिवस आधी मागून घ्या आणि घरी मोठ्यानं वाचा. जुन्या करारातली नावं जिभेवर येत नाहीत, मी नबुखद्नेस्सरला तीन वेळा अडखळलो आणि पोरं हसली.

संदेश द्यायची वेळ आली तर पंधरा मिनिटं. स्वतःचं आजारपण किती सांगायचं याला मर्यादा ठेवा. आणि चर्चमधल्या भांडणावर पुलपिटवरून टोमणा मारायचा नाही, ज्याला लागायचा त्याला लागत नाही, भलत्यालाच लागतो.

पैशाचं काम हातात आलं तर जास्त सांभाळा. अर्पण मोजताना दोन माणसं, तिथंच वहीत आकडा, दोघांच्या सह्या, सोमवारी बँक. एकट्यानं घरी नेऊन मोजायचं नाही, तुम्ही कितीही प्रामाणिक असा. वर्षाला ऑडिट. हंगामाच्या सणाला लिलाव होतो त्या दिवशी तर जास्तच, हळद, गूळ, पपई, कोंबडा, एकच कोंबडा तीन जण बोली लावून परत दान करतात आणि मग तिसऱ्यानं पैसे दिले की नाही यावर पुढच्या सणापर्यंत चर्चा. मी आता बोलीच्या जागीच पावती फाडतो.

हे सगळं 'फक्त व्यवस्थेचं काम' वाटतं ना, पण प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढून बघा. विधवांना रोजचं वाटप नीट होत नव्हतं म्हणून सात जण निवडले आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पंगतीच्या कामाला. आणि आपल्याच भागातलं बघायचं तर मिशनचे डॉक्टर वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं, त्यांच्या हातात स्टेथोस्कोप होता, पण त्या एका हॉस्पिटलमुळं किती लोकांपर्यंत चर्च पोचलं याचा हिशोब कोण करणार. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहायला आले, 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांना पण जागा होती. दोन वर्षांत, १९१९ ला ते गेले. दरबार फार टिकला नाही. पण त्यांची गाणी आजही दर रविवारी म्हटली जातात, आणि ती म्हणायला काही दीक्षा लागत नाही.

६. आणि खरंच दीक्षा घ्यायची असेल तर

पहिल्यांदा घरात बोला. बायकोला नाही विचारलं आणि अर्ज टाकला अशी उदाहरणं आहेत. मग आपले पाळक, मग पास्टोरेट कमिटीची शिफारस, मग डायोसिसची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाची, मुलाखत. त्यानंतर सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. बीडी म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, सेरामपूरची डिग्री, काही वर्षांचा कोर्स, त्यात ग्रीक-हिब्रू पण येतं. मग परत येऊन हाताखाली काम, मग बिशप हात ठेवून डीकन करतात, मग प्रेसबिटर. सीएनआयमध्ये बायकांना पण दीक्षा मिळते, त्यामुळं मुलीनं विचारलं तर "पाळकाची बायको हो" असं उत्तर देऊ नका.

स्वतःहून डिग्री करून आलो म्हणजे डायोसिसनं घ्यायलाच पाहिजे असं नसतं, हा सगळ्यात महागाचा सापळा आहे. आधी शिफारस, मग सेमिनरी. उलटं केलं तर चार-पाच वर्षं आणि फी दोन्ही अडकतात.

लागणारे कागद: बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, शिक्षणाची प्रमाणपत्रं, पाळकांचं शिफारसपत्र, कमिटीचा ठराव, मेडिकल सर्टिफिकेट आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली साक्ष. साक्षीत पहिल्याच ओळीत 'लहानपणापासूनच' लिहू नका, मुलाखत घेणाऱ्यांनी ते शंभर वेळा वाचलेलं असतं.

७. पाळकांची बदली झाली की

ही गोष्ट कुणी सांगत नाही. डायोसिस बदली करतं, निरोप समारंभ होतो, शाल, नारळ, रडारड, आणि ट्रक निघून जातो. नवीन पाळक यायला कधी महिना जातो. त्या मधल्या काळात आपणच असतो. म्हणून निरोपाच्या आदल्या आठवड्यातच बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि सभासद ही चारही रजिस्टरं कमिटीसमोर ताब्यात घ्या, शेवटच्या नोंदीचा नंबर लिहून दोघांच्या सह्या करा, कपाटाच्या किल्ल्या मोजून घ्या. प्रभुभोजनासाठी शेजारच्या पाळकांच्या तारखा फोन करून आधीच मागून ठेवा, आणि त्या तारखा बेदाणेवाल्या मावशींना पण सांगा.